भिडे वाडा: ठरावापासून पाडापाडीपर्यंतची सतरा वर्षे

पुण्याच्या बुधवार पेठेत, शिवाजी रस्त्यावर, दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर उभा असलेला भिडे वाडा ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री महापालिकेने पोलीस बंदोबस्तात पाडला. ऐतिहासिक वास्तू पाडली जाते तेव्हा बहुधा कोणाला तरी त्या जागेवर संकुल उभारायचे असते आणि कोणीतरी त्याला विरोध करीत असते. भिडे वाड्याच्या बाबतीत असा सामना नव्हता. ज्या महापालिकेने २००६ साली येथे राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरवले, तिनेच हा वाडा पाडला, आणि महात्मा फुले व सावित्रीबाई फुले यांच्याविषयी मनापासून आदर बाळगणाऱ्या अनेकांनी त्या रात्री समाधान व्यक्त केले, कारण वर्षानुवर्षे अडलेले काम एकदाचे मार्गी लागले अशी त्यांची भावना होती. स्मारकाच्या कल्पनेला सार्वजनिक जीवनात उघड विरोध जवळपास नव्हताच. वास्तू जपली पाहिजे यावर एवढे एकमत असताना ती वास्तूच का उरली नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर शेवटच्या महिन्यातील घटनांत सापडत नाही. ठराव झाल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या सतरा वर्षांत या वाड्याच्या छपराची जबाबदारी नेमकी कोणाची होती, या साध्या प्रश्नात ते आहे.

वाड्याचे महत्त्व कशात होते

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. भारतीयांनी चालवलेली मुलींची पहिली शाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. तात्यासाहेब भिडे यांनी त्यासाठी आपल्या वाड्यात जागा दिली. त्या वेळच्या पुण्यात, पेशवाईचा शेवट होऊन जेमतेम तीस वर्षे लोटलेली असताना, बुधवार पेठेतील एका ब्राह्मण गृहस्थाने माळी समाजातील तरुण दांपत्याला मुली शिकवण्यासाठी आपल्या घराचा दरवाजा उघडून देणे ही किती धाडसाची गोष्ट होती, हे आज पुरते लक्षात येणे अवघड आहे. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सतरा वर्षांचे होते.

ही शाळा या वाड्यात फार काळ राहिली नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रास्ता पेठेत आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी ब्रिटिश अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला, तोही विश्रामबाग वाड्यात, म्हणजे भिडे वाड्यापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. या साऱ्या घडामोडींचा नकाशा काढला तर तो एका छोट्याशा वस्तीत मावतो, आणि त्या नकाशावरचे जवळपास प्रत्येक ठिकाण म्हणजे कोणाचा तरी वाडा आहे. मुलींच्या शिक्षणाची चळवळ सुरुवातीला पेठांतल्या राहत्या घरांच्या आश्रयाने वाढली, ही बाब इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात येते, पण प्रत्यक्ष वाड्यात उभे राहिले की तिचा अर्थ वेगळ्याच तऱ्हेने उमगतो. वाड्यात रस्त्याकडेचा ओटा, दिंडी दरवाजा, पुढचा सोपा म्हणजे बैठकीची पडवी, चौक आणि त्यामागचे माजघर अशी एकामागून एक हद्द असते, आणि कोणी कुठवर यायचे हे त्या हद्दी ठरवीत असत. अशा घरात बाहेरच्या मुली रोज शिकायला येतात म्हणजे यातल्या कोणत्या तरी हद्दी त्यांच्यासाठी मोकळ्या झालेल्या असतात. भिंती, जिने, खणांची, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांची, रुंदी, उजेड येण्याच्या जागा यांचा बारकाईने अभ्यास झाला असता तर या वास्तूने आपल्याला याविषयी काही सांगितले असते. म्हणून भिडे वाड्याला मी केवळ पवित्र स्थळ मानत नाही. तो पुरावाही होता.

अर्थात २००६ सालचा भिडे वाडा १८४८ सालच्या स्थितीत नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. दर्शनी भागात दुकाने थाटली होती, पाट्या लागल्या होत्या, आतली रचना गरजेनुसार बदलत गेली होती आणि वरचा व मागचा भाग मोडकळीला आला होता. पेठांतल्या बहुतेक वाड्यांची हीच कथा आहे. पण एखादी इमारत बदलली म्हणून ती बनावट ठरत नाही. मूळचे काय आणि नंतरचे काय हे वेगळे काढण्याची पद्धत वास्तुसंवर्धनात चांगली रुळलेली आहे. त्यासाठी इमारत मात्र उभी असावी लागते.

वाडा कसा पडतो

वाडा एका रात्रीत कोसळला असे आपण बोलतो, पण तो पडायला दहा-पंधरा पावसाळे लागतात, आणि त्याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. पुण्यातला वाडा म्हणजे मुळात लाकडी सांगाडा. दगडी जोत्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे दगड, त्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे आडव्या बारीक तुळया, कड्यांवर तक्ते आणि त्यावर मातीचा जाड थर, अशी जमीन असते. भिंती खाली दगडाच्या किंवा पक्क्या विटांच्या आणि वर बहुधा मातीच्या असतात. छपराचे पाखे, म्हणजे उतरत्या बाजू, आढ्यापासून खाली उतरतात आणि जिथे दोन पाखे मिळतात किंवा पाखा भिंतीला टेकतो, तिथे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. सगळी मेख या पन्हळीत आहे. चार कौले सरकली किंवा पन्हळीत पाला साठला की पावसाचे पाणी भिंतीत मुरू लागते आणि नेमके तुळईच्या टोकापाशी पोचते. तुळईचा जो भाग डोळ्यांना दिसतो तो शंभर वर्षांनंतरही ठणठणीत असतो; भिंतीत रुतलेले, वारा न लागणारे वीतभर टोक मात्र आतून भुसभुशीत होते. पुढे वाळवी तिथे घर करते. तुळई थोडी खचते, वरचा मातीचा थर ओला होऊन जड होतो, त्या वजनाने कड्या वाकतात, भिंत बाहेरच्या बाजूला फुगते, फटीत पिंपळ रुजतो. त्यानंतर महापालिकेचा अभियंता पाहायला येतो तेव्हा त्याने लिहिलेला धोकादायक हा शेरा अगदी बरोबर असतो.

यावरचा उपाय एके काळी प्रत्येक घराला ठाऊक होता. उन्हाळा संपत आला की कौले चाळायची, फुटलेली बदलायची, पन्हळी साफ करायच्या, जिथे ओल दिसली तिथे भिंत उकरून तुळईचे टोक पाहायचे. कुजलेले टोक कापून नवे लाकूड सांधणे हे कसबी सुताराचे काही दिवसांचे काम असते. हा खर्च फार मोठा नसतो. तो दरवर्षी करावा लागतो आणि कोणीतरी तो करायचा असतो, हीच त्यातली अडचण.

त्या कोणीतरीचा प्रश्न पुण्यातल्या वाड्यांत निर्माण कसा झाला, याला भाडेनियंत्रणाचा मोठा इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जोडले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना संरक्षण देणे आवश्यकच होते, आणि त्या संरक्षणामुळे हजारो कुटुंबे शहराच्या मध्यभागी टिकून राहिली, हे विसरता कामा नये. पण पुढे दशकानुदशके भाडे जिथल्या तिथे राहिले, लाकडाचे आणि मजुरीचे भाव मात्र वाढत गेले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण ती मुळातल्या नगण्य रकमेवर होती. याच कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, आणि त्याने ती पार पाडली नाही तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करून घेता येतो. मात्र एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. ज्या खोलीचे भाडे महिन्याला काही दहा रुपये आहे, तिच्या भाड्याच्या एक चतुर्थांशात एक कौलही नीट बसत नाही. कायद्याने हक्क दिला, पण ज्या रकमेतून तो वापरायचा ती रक्कमच उरली नव्हती. मालकाला दुरुस्ती परवडत नाही किंवा करायची नसते, भाडेकरूला मालकी नसल्यामुळे मोठा खर्च करण्यात अर्थ वाटत नाही, आणि वारसांची संख्या वाढत गेली की मालक म्हणजे नेमके कोण, हेही स्पष्ट राहत नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे एका दिवसात नेले. त्यानंतरच्या साठ वर्षांत या गाळलेल्या दुरुस्त्यांनी नेलेले वाडे त्याहून कमी नसावेत असे मला वाटते.

२००६ ते २०२३

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे भिडे वाड्यावरचा ठराव काय करू शकत होता आणि काय करू शकत नव्हता, हे कळते. २००६ साली महापालिकेने स्मारकाचा निर्णय घेतला, पण जागा खासगी होती, तळमजल्यावर व्यवसाय चालू होते, आणि तिथल्या लोकांचे उत्पन्न त्या काही फुटांच्या गाळ्यांवर अवलंबून होते. शिवाजी रस्त्यावर, गणपती मंदिरासमोर असलेल्या गाळ्याचे मोल काय असते हे पुण्यात कोणाला सांगावे लागत नाही. भूसंपादन आणि मोबदला यांवरून वाद न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही, जागा रिकामी करण्यासाठी महिन्याची मुदत मिळाली आणि ती संपताच वाडा उतरवला गेला.

दुकानदारांनी न्यायालयात जाण्यात मला काही गैर दिसत नाही. ज्याच्या ताब्यातून जागा जाणार आहे, त्याने योग्य मोबदला मागणे हा त्याचा अधिकार आहे, आणि थोर स्त्री-पुरुषांच्या स्मारकाचा खर्च काही मोजक्या कुटुंबांच्या पोटावर पडू नये, ही अपेक्षा फुले यांच्या विचारांशीही सुसंगतच आहे. महापालिकेने खटला शेवटपर्यंत लढवला, यातही दोष नाही. दोष आहे तो या गृहीतकात, की मालकीचा निकाल लागेपर्यंत वास्तूच्या बाबतीत काही करताच येत नाही.

कारण या सतरा वर्षांत प्रत्येक पक्षाच्या दृष्टीने वाड्याची पडझड ही एक तर बिनमहत्त्वाची होती किंवा सोयीची. ज्याला जागेचा मोबदला हवा होता, त्याच्यासाठी किंमत जागेची होती, तुळयांची नव्हती. ज्याला स्मारक हवे होते, त्याच्या मनात नवी, भव्य इमारत होती, आणि जीर्ण वाडा जितका जीर्ण दिसेल तितकी स्मारकाची निकड लोकांना पटत होती. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या दिवशी कार्यकर्ते आणि शिक्षिका तिथे जमत, अभिवादन होई, वाड्याच्या दुरवस्थेबद्दल मनापासून संताप व्यक्त होई, आणि मागणी होई ती स्मारकाची. छपरावर तात्पुरते पत्रे टाकावेत, झुकलेल्या भिंतीला टेकू द्यावा, आतल्या लाकूडकामाची मोजमापे घेऊन नकाशे तयार करावेत, या मागण्यांना जाहीर सभेत टाळ्या मिळत नाहीत. म्हणून त्या जोरकसपणे पुढे आल्या नाहीत. ज्या लोकांना वाड्याबद्दल सर्वाधिक आस्था होती, त्यांच्याही मागणीत वाडा हा जागेचा पत्ता होऊन बसला, याचे मला फार वाईट वाटते.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये वाडा पाडण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मी म्हणत नाही. इतकी वर्षे पाणी प्यालेली, अर्धी पडलेली इमारत गर्दीच्या रस्त्यावर उभी ठेवणे धोक्याचे होते. चूक त्याच्या कितीतरी आधी झाली होती.

तीन जवळची उदाहरणे

हे अटळ होते का, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. गंज पेठेतला, आताच्या महात्मा फुले पेठेतला, फुले वाडा उभा आहे. जोतीराव तिथे राहिले, २८ नोव्हेंबर १८९० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले आणि त्यांची समाधीही तिथे आहे. तोही साधा, लाकूड-मातीचा, एका मध्यमवर्गीय कुटुंबाचा वाडा. तो राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात वेळेवर आला, संरक्षित स्मारक झाला, आणि तेव्हापासून त्याच्या छपराची जबाबदारी कोणाची, हे कागदावर स्पष्ट आहे. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे सावित्रीबाईंचे जन्मघरही स्मारक म्हणून जतन केलेले आहे. त्याच दांपत्याच्या आयुष्यातील दोन घरे टिकली आणि तिसरे, जिथे त्यांच्या कामाचा आरंभ झाला ते, गेले. फरक श्रद्धेत नव्हता, बांधकामाच्या दर्जातही फारसा नसावा. ताबा कोणाकडे होता आणि तो किती लवकर स्पष्ट झाला, यात तो होता.

विश्रामबाग वाड्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेला हा वाडा पेशवाईनंतर रिकामा पडला नाही. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तरी तो सावरला गेला, पुढे महापालिकेची कार्यालये तिथे होती, आणि आजही बाजीराव रस्त्यावरून जाताना त्याचे सुरूच्या नक्षीचे सागवानी खांब दिसतात. ज्या इमारतीत रोज कोणी बसून काम करते, तिथे पहिल्याच पावसात गळती लागली की त्याच दिवशी कोणीतरी तक्रार करते. विश्रामबाग वाडा दोनशे वर्षे टिकला याचे मोठे श्रेय मी या रोजच्या वापराला देतो. भिडे वाड्याच्या तळमजल्यावर वापर चालू होता, पण वरचा भाग रिकामा झाला होता. पाणी वरून येते आणि वर पाहायला कोणी नव्हते.

पुढे काय

२९ सप्टेंबर २०२४ रोजी भिडे वाड्याच्या जागेवर सावित्रीबाई फुले यांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. स्मारक व्हावे, उत्तम व्हावे, आणि तिथे मुलींच्या शिक्षणाशी संबंधित काही काम रोज चालावे, अशी माझी प्रामाणिक इच्छा आहे. नव्या इमारतीला वाड्याचे रूप देण्यापेक्षा जुन्या वाड्याची जी छायाचित्रे आणि नोंदी वेगवेगळ्या लोकांकडे विखुरलेल्या आहेत, त्या गोळा करून तिथे मांडणे मला अधिक मोलाचे वाटते. खटल्याच्या कागदपत्रांतही वाड्याविषयीची माहिती असणारच. जागेचे वर्णन केल्याशिवाय संपादन होत नाही. चिपळूणकर वाडा कुठे होता, रास्ता पेठेतली शाळा कुठे भरत असे, हे दाखवणारा पेठांचा नकाशा त्या स्मारकात असला तर येणाऱ्या विद्यार्थिनीला ही चळवळ चालत फिरून पाहता येईल.

पण भिडे वाड्याच्या प्रकरणाचा खरा उपयोग आज वादात अडकलेल्या इतर वाड्यांसाठी करून घेता येईल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार, मोडकळीस आलेल्या बांधकामाबाबत आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याला, नोटीस देऊ शकतात, आणि ते बांधकाम पाडणे, सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे असे तीन पर्याय त्या कलमात आहेत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पेठांतल्या वाड्यांना ज्या नोटिसा जातात, त्यांत भर असतो तो रिकामा करण्यावर आणि उतरवण्यावर. वारसा म्हणून नोंद असलेल्या किंवा स्मारकासाठी ठराव झालेल्या वास्तूंच्या बाबतीत हा क्रम उलटा करायला हवा. आधी सुरक्षित करण्याची नोटीस द्यावी. मालक आणि भाडेकरू दोघेही पुढे येत नसतील तर महापालिकेने स्वतः पत्र्याचे छप्पर घालावे, टेकू द्यावेत, पन्हळी वाहत्या ठेवाव्यात आणि हा खर्च पुढे मोबदल्याचा हिशोब होईल तेव्हा त्यातून वळता करावा. यामुळे कोणाच्याही मालकी हक्काला बाध येत नाही आणि खटला कोणाच्या बाजूने लागेल यावर काही परिणाम होत नाही. संपादनाचा ठराव मंजूर करताना त्याच ठरावात अंतरिम देखभालीची रक्कम आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद नमूद करणे बंधनकारक केले तर ही गोष्ट कोणाच्या सदिच्छेवर अवलंबून राहणार नाही. न्यायालयात जैसे थे आदेश मागताना वास्तूची आहे ती स्थिती टिकवण्यासाठीच्या दुरुस्तीला परवानगी असावी, एवढी ओळ दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मागून घेतली तरी पुष्कळ काम होईल, कारण जैसे थे हा आदेश पावसाला लागू होत नाही.

मोजमापे घेण्याचे काम तर याहूनही सोपे आहे. पुण्यात वास्तुशास्त्राची अनेक महाविद्यालये आहेत आणि जुन्या इमारतींचे मोजून नकाशे काढणे हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. प्रत्येक वर्गाने पेठांतला एक वादग्रस्त वाडा घ्यावा, मालक आणि भाडेकरू यांच्या संमतीने त्याचे आराखडे, छेद, खांबांवरचे कोरीवकाम, दुरुस्त्यांचे थर यांची नोंद करावी, आणि ती महापालिकेच्या वारसा विभागाकडे जमा व्हावी. यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. फक्त येत्या पावसाळ्याच्या आत सुरुवात करावी लागते.